कांद्याला विटाळ कसा नाही?

धामणखेड, ता. मोताळा
२४ जुलै २००६

प्रिय सबीहा,

पत्र बघून तुला वाटेल, हिला मोबाईलच्या काळात हे काय सुचलं. आमच्या घरात मोबाईल एकच, आणि तो शेखरच्या खिशात असतो. दुकानातल्या नाणं टाकायच्या डब्यावरून बोलावं, तर अर्धं गाव तिथं मीठ घ्यायला उभं. जे सांगायचंय ते त्यांच्या कानावर घालण्यासारखं नाही. बारावीला हॉस्टेलवर एका खोलीत राहिलो, त्या हक्कानं लिहिते. वाच आणि माझ्याइतकीच संताप.

घरामागची माझी भाजीची जागा तू पाहिली आहेस. लग्न होऊन आले तेव्हा तिथं उकिरडा होता. आता टमाटे, वांगी, भेंडी, चवळी, दोडक्याचा मांडव, कडेला कांद्याची पात आणि मक्याची चार ताटं आहेत. बाजारातून भाजी आणायची गरज पडत नाही. गेल्या रविवारी सकाळी पाहते तर टमाट्याचे शेंडे वाकडे झालेले. पानं अरुंद, पिळलेली, कोणीतरी मुठीत चुरगाळून सोडल्यागत. सासूबाईंना हाक मारली ही माझी चूक. त्या आल्या, पाहिलं, आणि पानाला हातही न लावता मला म्हणाल्या, "तू बाहीर होतीस ना या हप्त्यात? अन् पानी कोनं टाकलं याहीले?"

मीच टाकलं होतं. चार दिवस मी देवघरात जात नाही, तेवढं मी तेरा वर्षं त्यांच्या मनासारखं केलंय. पण झाडांना तहान लागली तर ती काय पाचव्या दिवसापर्यंत थांबणार आहेत? तर आता घरात निकाल लागला आहे, की माझी सावली पडून टमाटे वाकडे झाले. कावळा बसायला आणि फांदी तुटायला! शेखर तिथंच उभा होता. म्हटलं, तुम्ही तरी बोला. तो म्हणाला, "माय म्हन्ते तर राहू दे ना थोडे दिवस," आणि बैल सोडायला गेला.

तुझ्या अब्बांकडे दहा गावचे शेतकरी फवारणीचे पंप दुरुस्तीला आणतात, सगळ्यांच्या पिकांची रडगाणी त्यांच्या कानावर असतात. त्यांना विचारून हा रोग कोणता ते कळव. मला औषध नको, नाव हवं. नाव मिळालं की ते मी सासूबाईंच्या तोंडावर सांगणार आहे.

तुझी
अर्पिता


रोहिणखेड
२९ जुलै २००६

अर्पे,

पत्र वाचून डोकं इतकं तापलं की चहा उतू गेला आणि मी त्याच्याकडे बघत बसले. सावलीनं टमाटे वाकडे होतात म्हणे! मग तेरा वर्षं काय तुझी सावली सरळ होती?

अब्बा पंपांच्या गर्दीत आहेत. दुकानासमोर पंधरा-वीस पंप ओळीनं पडलेत, सगळ्यांना कालच पाहिजेत. बीटीला फवारणी लागत नाही म्हणून बियाण्याच्या पुडीला इतका पैसा मोजला, आणि आता मावा-तुडतुड्यांसाठी त्याच कपाशीवर आठ दिवसांआड औषध मारत आहेत. त्यामुळे त्यांना न विचारताच सांगते, कारण हे मलाही ठाऊक आहे. आमच्या शाळेच्या बागेत गेल्या वर्षी झालं होतं. हा चुरडा-मुरडा. पांढरी माशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. यावर इलाज नाही. वाकडी झालेली टमाट्याची झाडं मुळासकट उपट आणि खड्ड्यात पुर, म्हणजे बाकीची भाजी वाचेल. आणि सासूबाईंना सांग, माशीला महिन्याचे चार दिवस कळत नाहीत.

एक वाकडं पान पाकिटात घालून पाठव. फुरसत मिळाली की अब्बांना दाखवीन.

तुझी
सबीहा


धामणखेड
८ ऑगस्ट २००६

सबीहा,

तुझा सल्ला मानला आणि तोंडघशी पडले. सोळा झाडं उपटली. हिरवे टमाटे लगडले होते त्यांना. पुरत होते तेव्हा सासूबाई ओट्यावरून शेजारच्या जनकाबाईंना सांगत होत्या, "पाहा, तिचं तिलेच कळलं. आपल्या हातानं गाडून राह्यली."

आणि बाकीचं वाचलं का? नाही! भेंडीची पानं बोटांसारखी चिरली. चवळीचे वेल पिळवटले. वांग्याचीही तीच गत. आता मला सांग, एकच माशी एकाच आठवड्यात चार जातींच्या भाज्यांना एकच रोग कसा देईल? दुसरं सांगते. कांद्याची पात ताठ उभी आहे. मका तर डोक्याच्या वर गेला. गवती चहाला काही नाही. मी सासूबाईंना विचारलं, "आत्या, पाणी तर मी कांद्यालाही घातलं. कांद्याला विटाळ कसा नाही?" त्यावर त्या म्हणाल्या, "कांदा देवाले चालत नाही. त्याले काय व्हते?" आणि मक्याचं विचारायच्या आत उठून गेल्या.

माझ्यासाठी नियम निघाला आहे. चार दिवस गोठ्याशेजारच्या पडवीत बसायचं. ताट वेगळं, पांघरूण वेगळं. भाजीच्या वाफ्यात तर एरवीही पाय टाकायचा नाही. माझी मुलगी सहावीत आहे, सबीहा. काल मला विचारते, "आई, मी मोठी झाल्यावर मलेही तिथं बसा लागीन?" मी पडवीत बसेन गं, वेळ पडली तर बसेन. पण तिनं हे विचारावं! त्या रात्री मी जेवले नाही.

आणखी एक गंमत. आमच्या शेताच्या धुऱ्यालगतची, बांधाकडेची कपाशीही अशीच वाकडी झाली आहे. तिथं मात्र सावली कोणाची पडली नाही, तिथं बियाणं बोगस! शेखर दहा-बारा माणसं घेऊन मोताळ्याला दुकानदाराशी भांडून आला. बोगस बियाणं निघतं हे खरं आहे, लोक उगाच ओरडत नाहीत. पण मी म्हटलं, कपाशीचं पान आणि माझ्या भेंडीचं पान शेजारी ठेवून पाहा, दोन्ही सारखीच आहेत. तर एवढा भडकला! म्हणाला, "तू शेतातलं नको सांगू." पान सांगते, तर शेत कशाला आडवं येतं?

पाकिटात तीन पानं आहेत. भेंडीचं, चवळीचं आणि कपाशीचं. या खेपेला तू उत्तर देऊ नकोस. अब्बांना विचार.

अर्पिता


धामणखेड
२८ ऑगस्ट २००६

सबीहा,

वीस दिवस झाले. पोस्टमन रोज आमच्या दारावरून जातो. आजारी असशील तर निरोप पाठव. बरी असशील तर मग काय समजू?

पंधरा ऑगस्टला मुलगी पांढरे बूट घालून झेंडावंदनाला गेली आणि मी पडवीत होते. सासूबाईंनी उंबऱ्यापलीकडून भाकरी सरकवली. जनकाबाई खास बघायला आल्या. जाताना म्हणाल्या, "शिकलेल्या बाया शेवटी वळनावर येतात." मी बसले, कारण मला वाटलं होतं तुझं पत्र येईल आणि मी उठेन.

पुढच्या वेळी मी बसणार नाही. मग या घरात जे व्हायचं ते होवो. माहेरी जावं लागलं तरी बेहत्तर.

अर्पिता


रोहिणखेड
२ सप्टेंबर २००६

अर्पे,

शिव्या दे, मी ऐकून घेईन. मी आजारी नव्हते. मला उत्तर माहीत होतं आणि मी लिहिलं नाही.

तुझी पानं अब्बांना त्याच दिवशी दाखवली. त्यांनी चष्मा लावला, कपाशीचं पान उजेडाला धरलं आणि मला म्हणाले, "बेटा, हा रोग नाही. तननाशक हाय. रुंद पानाच्या झाडाले मारते, गवताले अन् कांद्याले काही करत नाही." मग पानं परत पाकिटात घातली. मी विचारलं, पानं कोणाच्या घरची आहेत ते तुम्हाला कळलं का? तर पंपाचे वायसर कापत बसले. रोज विचारलं. तिसऱ्या दिवशी शेवटी बोलले.

शेखरभाऊ जुलैच्या सुरुवातीला पंप घेऊन आमच्याकडे आले होते. दांडा गळत होता. अब्बांनी झाकण उघडलं तर फिनेलसारखा उग्र वास. अब्बांचं नाक तुला माहीत आहे, कोणी काय फवारलं ते पंप उघडला की सांगतात. शेखरभाऊंनी धुऱ्यावरच्या गाजरगवतावर तणनाशक मारलं होतं. अब्बांनी तेव्हाच बजावलं होतं, धुण्याचा सोडा टाकून हा पंप तीन-चारदा धुवा, आणि तरीही भाजीवर, कपाशीवर हा वापरू नका, त्यासाठी दुसरा आणा. ते हाव म्हणाले आणि गेले.

तू त्यांना तुझ्या भाजीवर फवारायला सांगितलं होतंस का? आठवून पाहा.

आता जे लिहिते ते लिहायला मला वीस दिवस लागले. ते ऑगस्टमध्ये पुन्हा आले होते. पंप न घेता. अब्बांना म्हणाले, "चाचा, ते कोनाले सांगू नका. मी चार गावच्या लोकाईसमोर बियान्याच्या नावानं बोंबललो. आता पंप माह्याच हाये म्हनलं तर पारावर बसू देनार नाहीत." अब्बांनी जबान दिली. मी अब्बांशी भांडले. म्हटलं, तुमच्या जबानीपायी एक बाई गोठ्यात बसते. ते म्हणाले, "नवरा-बायकोच्या मधात गेलेला मानूस दोघाईचा वैरी व्हते." मलाही तीच भीती वाटली, खोटं कशाला सांगू? तुझं घर मोडलं तर ते माझ्या पत्रानं मोडलं असं होईल, म्हणून गप्प बसले. तुझं अठ्ठावीस तारखेचं पत्र मी अब्बांना वाचून दाखवलं. मग त्यांनीच सांगितलं, लिही.

त्यांनी एक उपायही सांगितला आहे. भांडू नको, दाखव. टमाट्याची दोन रोपं दोन डब्यांत लाव. एकावर तो पंप नुसतं साधं पाणी भरून मार, दुसऱ्याला हातानं पाणी घाल. आठ दिवसांत पंप आपोआप बोलेल.

चुरडा-मुरडा म्हणून ठोकून दिलं त्याची माफी कशी मागू? सोळा झाडं माझ्या शहाणपणानं गेली.

सबीहा


धामणखेड
२२ सप्टेंबर २००६

सबीहा,

तुझं पत्र मी विहिरीवर वाचलं, आणि वाचून तिथंच बसून राहिले. तुझ्यावरचा राग दोन दिवसांत गेला. त्याच्यावरचा गेला नाही, जाईल असं वाटत नाही.

हो, मीच म्हटलं होतं त्याला. कपाशीला तुडतुड्यांचं औषध मारून आला होता, टाकीत थोडं उरलं होतं. म्हटलं, माझ्या भाजीवरही मारा. त्यानं मारलं. त्यानंतर चारच दिवसांनी पानं वाकली. म्हणजे त्याला पहिल्याच दिवशी कळलं असणार! मी पडवीत बसायला निघाले तेव्हा त्यानं माझं पांघरूण आणून दिलं होतं. मला वाटलं, मनातून वाईट वाटतंय बिचाऱ्याला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोरच दोर आणून देतो!

पण अब्बांचं ऐकलं. भांडले नाही. रोपवाटिकेतून दोन सारखी रोपं आणली, तेलाच्या दोन डब्यांत लावली. अकरा तारखेला माझी पाळी आली. पडवीत गेले नाही. सरळ सासूबाईंसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "आत्या, आज मी बाहेरची आहे. या डब्याला मी रोज चार दिवस माझ्या हातानं पाणी घालणार, पानांना हात लावणार, सावलीही पाडणार. हा दुसरा डबा तुमचा. तो तुम्ही ठेवा, मी त्याच्या आसपासही येणार नाही. फक्त त्यावर एकदा आपला पंप मारा. तुमच्याच हातानं, तुमच्याच हंड्यातलं पाणी भरून. माझं झाड वाकडं झालं तर मी जन्मभर पडवीत बसेन. तुमचं झालं तर?"

त्या म्हणाल्या, "माह्यं काऊन व्हईन?" आणि अंघोळ करून, ओलेत्यानं पंपात पाणी भरलं, पाठीवर घेतला आणि स्वतः मारला. शेखर घरात नव्हता. त्यांनी आपला डबा माजघराच्या खिडकीत ठेवून खोलीला कडी लावली. माझा राहिला ओट्याच्या दुसऱ्या टोकाला.

सहाव्या दिवशी त्या डबा घेऊन बाहेर आल्या आणि माझ्या डब्याशेजारी ठेवला. त्यांच्या रोपाचा शेंडा पार पिळला होता. माझ्याला फूल धरलं होतं. त्या कितीतरी वेळ खाली बसून एकदा या पानाला, एकदा त्या पानाला हात लावत होत्या. माझ्या झाडाला, सबीहा! चारही दिवस मी शिवत होते त्या!

मग शेखरला हाक मारली. "पंपात काय हाये?" तो म्हणाला काही नाही. "काही नाही, तर हे काय हाये?" त्यानं एकदा डब्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि सगळं सांगितलं. तुझ्या अब्बांचं नाव मी घेतलं नाही, त्यानंच घेतलं. सासूबाई म्हणाल्या, "माह्या तोंडून तू तिले बोल लावू देला अन् आयकत उभा राह्यला? तो पंप घे पाठीवर." त्याला वाटलं, धुवायला. त्यांनी त्याला तसाच पारावर नेला आणि मागे उभ्या राहिल्या. निवृत्ती पाटील, गुलाबराव, सगळे बसले होते. त्यानं कपाशीचं सांगितलं, भाजीचं सांगितलं. माझं सांगताना अडखळला, तर मागून आवाज आला, "मोठ्यानं." जनकाबाई दारातून आत गेल्या त्या दोन दिवस दिसल्या नाहीत.

तो आता माझ्याशी फार गोड बोलतो. परवा नवा पंप आणला. मी त्याला सांगितलं, पंपाची चूक मी तेव्हाच विसरले असते, ती कोणाच्याही हातून होते. तुम्ही पांघरूण आणून दिलंत, ते कसं विसरू? मुलगी पडवीत आता अभ्यासाला बसते, कारण तिथं वारा येतो. गाडी इथवर आली आहे, पुढचं बघू.

पण लिहायचं खरं वेगळंच आहे. मला वाटलं होतं सासूबाई रुसतील किंवा माझी माफी मागतील. दोन्ही नाही. पारावरून आल्यापासून त्यांचं एकच चाललंय. जेवतात, काम करतात, आणि त्या दोन डब्यांपाशी जाऊन बसतात. काल दुपारी मला म्हणाल्या, "तुह्या मैत्रीनीच्या बापाले पत्र लिवाचं हाये. मी सांगतो, तू लिही. मधात आपलं काही घालू नको." चार दिवसांनी सांगते म्हणाल्या. त्या पत्रात काय असेल ते मला माहीत नाही.

अर्पिता


धामणखेड
२६ सप्टेंबर २००६

अकीलभाऊले रुक्मिणीबाईचा नमस्कार.

सून लिहून राह्यली, मी सांगून राह्यलो. तुम्ही पान पाहून रोग सांगता असं समजलं, म्हनून विचारतो. मह्या जवळ पान नाही, ध्यानात हाये तेवढं सांगतो.

अडुसष्ट सालची गोष्ट हाये. मी नवीन लगीन होऊन आलो होतो, सोळा वर्साची. तवा आमचा नळगंगेच्या काठी पानमळा होता, नागवेलीच्या पानाचा. पानमळ्यात बाईनं जाऊ नाही असा नेम होता, अन् इटाळाच्या बाईनं तर त्याच्या वाटेनंही नाही. मले कोनी सांगतलं नव्हतं. सासऱ्याची भाकर घेऊन मी आत गेलो. मले त्या दिवशी इटाळ होता. मले वाटलं मांडवात थंड हाये, म्हनून थोडी बसलोही.

त्याच्या नंतर पंधरा दिवसानं पानाले काळे डाग पडले. पह्यले खालच्या पानाले, मंग वरच्या. डाग ओले होते, हात लावला की पान गळे. मंग येल बुडातून सडला, जमिनीपाशी काळा झाला, वास येई. त्या साली पाऊस लय होता, वाफ्यात पानी तुंबून राहे. महिन्याभरात सारा मळा गेला. मांगून तो कधी लागलाच नाही.

मले माहेरी धाडलं. सव्वा वर्स ठेवलं. त्या सव्वा वर्सात मह्या लहान बहिनीले दोन जागी पाहून गेले, दोन्ही जागी नाही म्हनले, की या घरच्या पोरीचा पाय असा. मही माय त्याच साली मेली. मरतानी मले म्हने, बाई, तुह्यानं असं काऊन झालं? मी तिले म्हनलं, माय, चुकलो. मले तवा खरंच वाटे की मी चुकलो.

तवा मले कोनी दोन डबे देले नाही. मी सुनेले पडवीत बसवलं ते मले बसवलं होतं म्हनून. मले वाटे, मी भोगलं त्याच्यात काहीतरी खरं असन. नाही तर मी कायले भोगलं?

तर अकीलभाऊ, एवढंच विचाराचं हाये. तुमच्याकडे दहा गावचे लोक येतात, कोनी जुना पानमळेवाला असन, कोनी कृषीचा साहेब असन. पानाले आधी काळे ओले डाग, मंग येल बुडातून सडते, पावसात. हा रोग हाये का? असला तर त्याचं नाव काय?

नाव कागदावर लिहून धाडा. मह्या सासऱ्याले, सासूले, मह्या मालकाले, मह्या मायले ते दाखवाचं होतं. त्याच्यातलं आता कोनीच राह्यलं नाही. तरी कळवा.

रुक्मिणीबाई